घरून एकट्यानं कॅडचं काम: दिवसभर टेबलाशी, ड्रॉइंग मात्र रात्री

बावडा_ड्राफ्टिंग

काम असं आहे: कोल्हापूरच्या शिरोली आणि उद्यमनगरातल्या फौंड्री-मशिनशॉपवाल्यांची ड्रॉइंग, कॅडवर म्हणजे कॉम्प्युटरवर काढायची. कास्टिंगचं (ओतीव भागाचं) थ्री-डी मॉडेल, त्यावरून पॅटर्नचं (ज्यावरून ओतायचा साचा घडवतात त्या नमुन्याचं) ड्रॉइंग, अधूनमधून एखादं फिक्श्चर (मशिनवर भाग धरून ठेवायचं साधन). कसबा बावड्यात घरीच टेबल, माणूस एकच. एका वेळी तीन-चार जॉब हातात असतात. पार्टी हातानं काढलेल्या स्केचचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकते आणि खाली लिहिते, "अर्जंट आहे".

साडेनऊला कॉम्प्युटर चालू होतो, फाइल उघडते. मग लेयरचे रंग नीट करणं, जुने फोल्डर आवरणं, बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये हिंडणं. दुपारी तीनपर्यंत खऱ्या जॉबची एक रेघ पडलेली नसते. सहाला पार्टीचा फोन येतो, आणि जेवणं झाल्यावर बसून रात्री एकपर्यंत काम उरकलं जातं. जॉब जातो, पण चुका राहतात. एखादं माप दोनदा, एखादं नाहीच. बिलं महिना महिना पडून.

करून पाहिलंय: कामांची यादी, २५ मिनिटांचं टायमर ॲप, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणं. आठवडाभर चालतं, मग पहिले पाढे पंचावन्न.

विचारायचं ते असं. सकाळचा पहिला तास कसा पकडायचा? टायमर या कामाला चालतो का? पार्टीला तारीख सांगताना किती धरून सांगायची? घरातल्यांचं काय करायचं? प्रेरणादायी व्हिडिओ कृपा करून नकोत, ते बघण्यातच सकाळ जाते.

---

लालपेन

आळशी माणूस सकाळी दहाला लेयरचे रंग लावत बसत नाही, सरळ लोळतो. तुमचं दुखणं वेगळं दिसतंय. टिमोथी पिचिल आणि फ्यूशिया सिरॉइस या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये मांडलेलं म्हणणं इथं लागू पडतं: काम समोर आलं की जी धास्ती, कंटाळा किंवा "हे आपल्याला सुटेल का" असं वाटतं, ते नकोसं वाटणं माणूस टाळत असतो. टाळलं की लगेच हलकं वाटतं. त्या हलकं वाटण्यानंच सवय पक्की होते.

मग तुमच्या कामात ही धास्ती येते कुठून? माझ्या मते स्केचमधून. फोटोत एक माप दिसत नाही, मटेरियल लिहिलेलं नाही, कुठली बाजू मशिन होणार ते कळत नाही. डोक्याला हे जाणवतं, पण तुम्ही ते कागदावर आणत नाही. म्हणून फाइल उघडली की हात आखडतो. आणि यादीत लिहिलेलं असतं "अमुक पार्टीचं ड्रॉइंग". हे यादीत लिहायचं काम नव्हे, हे तर अख्खं प्रकरण आहे.

करायचं असं. जॉब आला की त्याच दिवशी, कॅड न उघडता, पंधरा मिनिटं त्याला द्यायची. स्केच ए-फोर कागदावर छापायचं आणि लाल पेन घ्यायचं. जे माप आहे त्यावर टिक, जे नाही तिथं गोल. मग एका मेसेजमध्ये सगळ्या शंका पार्टीला. कास्टिंगच्या जॉबला साधारण हे विचारावं लागतं:

मटेरियलचा ग्रेड कोणता (एफजी २६० की एसजी ५००/७, "बीड" एवढंच चालत नाही). कुठल्या फेसवर मशिनिंग आणि त्याला अलाउन्स (जादा ठेवायचं माप) किती सोडायचा. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) फौंड्रीनं ठरवलीय का. कोअर (आतल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचा गाभा) आहे का, असल्यास कोअर प्रिंट (तो टेकायची जागा) कुठं. आतल्या कोपऱ्यांना फिलेट (गोलाई) किती. ड्रॉइंग फर्स्ट अँगलमध्ये हवं की थर्ड अँगलमध्ये (व्ह्यू, म्हणजे वस्तूच्या बाजूंची चित्रं, मांडायच्या या दोन पद्धती; आपल्याकडे फर्स्ट अँगल धरतात, पण एक्सपोर्टचं काम असलं की अमेरिकेतल्या पार्टीला थर्ड लागतं, आणि हे शेवटी कळलं की सगळे व्ह्यू हलवावे लागतात).

या शंका आल्या दिवशी गेल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तरं आलेली असतात. चौथ्या दिवशी रात्री अकराला विचारल्या तर पार्टी झोपलेली असते, तुम्ही अंदाजानं माप टाकता आणि ती चूक पॅटर्नपर्यंत जाते. "माप नाहीच" म्हणता ते बहुतेक हेच असणार.

आता पहिला तास. तो सकाळी पकडता येत नाही, आदल्या संध्याकाळी बांधून ठेवावा लागतो. काम थांबवताना एका चिठ्ठीवर तीन ओळी लिहायच्या: फाइल कोणती, कुठल्या व्ह्यूवर थांबलो, पहिली कमांड काय. उदाहरणार्थ, "हाउसिंग, सेक्शन ए-ए, डाव्या बोअरची मध्यरेषा काढणे". एवढं बारीक. चिठ्ठी कीबोर्डवर ठेवायची. आणि थांबायचं ते व्ह्यू पुरा करून नव्हे, अर्धवट सोडून. पुरं झालेलं ड्रॉइंग सकाळी "आता पुढं काय" असं विचारतं. अर्धवट रेघ विचारत नाही, ओढून घेते.

चिठ्ठीवर चौथी ओळ "जर-तर" ची: "चहाचा कप खाली ठेवला की उभ्यानंच ही फाइल उघडणार." पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये अशा जर-तर ठरावांवर लिहिलं. पुढं २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा नुसत्या "उद्या नक्की करीन" पेक्षा वेळ-जागा बांधलेला ठराव चांगलाच वरचढ ठरला. मात्र "जर" ची बाजू डोळ्याला दिसणारी हवी. "फ्रेश वाटलं की" हे चालत नाही, कारण ते कधी वाटेल याचा नेम नाही.

---

शेवटचा_व्ह्यू

टायमरबद्दल. २५ मिनिटांची ही पद्धत इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना स्वतःच्या अभ्यासासाठी काढली. टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ वापरलं म्हणून नाव पोमोडोरो. २५ मिनिटं काम, ५ मिनिटं सुट्टी, असे चार झाले की १५ ते ३० मिनिटांची मोठी सुट्टी. अभ्यासाला ठीक आहे. थ्री-डी मॉडेलला अडचण अशी, की गुंतागुंतीच्या कास्टिंगमध्ये कुठली भिंत कुठल्या कोअरला लागून आहे हे डोक्यात उभं राहायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. ते उभं राहतं न राहतं तोच घंटी वाजते.

म्हणून दोन घड्याळं ठेवा. मॉडेलिंगला ५० मिनिटं काम आणि १० मिनिटं सुट्टी, त्यातही घंटीपेक्षा "हा व्ह्यू झाला की" हा थांबा खरा. नावडत्या कामांना मात्र २५ च: बिलं, मेल, शेवटची तपासणी, रिव्हिजनच्या नोंदी. तिथं छोटा टायमर चालतो, कारण "पंचवीसच मिनिटं तर" म्हणून माणूस बसतो. तेवढंही होत नसेल त्या दिवशी १० लावा. सुरू झाल्यावर पुढं चालू राहिलं तर ठीक, नाही राहिलं तरी दहा मिनिटांचं बिल तर झालं.

टायमर आठवड्यात मोडतो तो कामात नव्हे, सुट्टीत मोडतो. पाच मिनिटांच्या सुट्टीत फोन हातात घेतला की पाचाची चाळीस होतात. सुट्टी पायांची आणि डोळ्यांची हवी: गॅलरीत जा, पाण्याची बाटली भरा, वीस फुटांपलीकडचं काहीतरी वीस सेकंद बघा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवलात ते बरोबर, पण सुट्टीत त्याच खोलीत जात असाल तर उपयोग शून्य. आणि टायमर फोनमधला कशाला? साधं किचन टायमर किंवा गजराचं घड्याळ आणा. टायमर लावायला फोन उचलणं म्हणजे उपवासाच्या दिवशी पाणी प्यायला मिसळीच्या हॉटेलात जाणं.

उठण्याआधी एक ओळ लिहा, "इथं थांबलो, पुढं हे". सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं, की एक काम अर्धं टाकून दुसऱ्याला हात घातला की पहिल्याचा काही भाग डोक्यात रेंगाळतो आणि दुसरं काम त्यामुळे घसरतं. चार जॉबच्या चार फाइल एकदम उघड्या ठेवता ना, तिथं हेच होतं. एका वेळी कॅडमध्ये एक जॉब, फार तर शंकेच्या उत्तराची वाट बघणारा दुसरा. बाकीचे बंद.

जाता जाता जेवणाचं. दुपारी एक ते तीन डुलकी येते ती काही निव्वळ तांबड्या-पांढऱ्याची करामत नाही. शरीराच्या घड्याळातच त्या वेळी उतार असतो, जड जेवणानं तो वाढतो इतकंच. त्या वेळेत नवं मॉडेल सुरू करू नका. मापं तपासणं, टायटल ब्लॉक (ड्रॉइंगवरची नाव-नंबरची चौकट), बिलं तिकडं ढकला. झोपायचंच असेल तर गजर लावून २० मिनिटं. तासभर झोपलात तर उठल्यावर अर्धा तास डोकं जड राहतं.

---

तालमीतला

भावा, वरचं सगळं खरं हाय. पण एकट्यानं सगळं जमत असतं तर तालमी कशाला निघाल्या असत्या? जोर-बैठका घरात काढता येतात. पोरं पहाटे तालमीत जातात ती तिथं चार जण बघत असतात म्हणून. आणि लढतीला जोड लागतोच. तुझ्याकडं जोड नाय, एवढंच दुखणं.

जोड शोध. पुण्या-मुंबईचा असला तरी चालतंय, तुझ्याच धंद्यातला असायची गरज नाय. अकाउंटंट असूदे, भाषांतर करणारी बाई असूदे, एमपीएससीचं पोरगं असूदे. रोज साडेनऊला व्हिडिओ कॉल, माइक बंद. सुरुवातीला दोघांनी एकेक वाक्य सांगायचं: "अकरापर्यंत सेक्शनची मापं टाकणार." अकराला परत एकेक वाक्य: झालं, का नाय. बास. नियम तीन. गप्पा अकरानंतर. "काम करणार" असलं मोघम वाक्य चालणार नाय, काय आणि किती ते पायजे. आणि नाय झालं तर कारण विचारायचं नाय. कारणं विचारायला लागलं की तिसऱ्या दिवशी माणूस कॉलवर येत नाय.

हे कुठं मोडतं ते पण सांगतो. एक, जोड जवळचा दोस्त असला की दहा मिनिटात फुटबॉलवर येतंय, पाटाकडील का प्रॅक्टिस, आणि सकाळ गेली. अर्धवट ओळखीचा माणूस बरा. दोन, पैज. "काम नाय झालं तर मिसळ माझ्याकडनं" असलं लावू नको. इस्रायलात हैफा शहरातल्या दहा पाळणाघरात असाच प्रयोग झाला. पोरं न्यायला उशिरा येणाऱ्या आईबापाला दंड लावला. दंड लावल्यावर उशिरा येणारे वाढले! पैसे भरले की आपण मोकळे, असं झालं. दंड काढून टाकला तरी आकडा खाली आला नाय. उरी ग्निझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी २००० साली हे छापलं. तुझ्या मिसळीचं पण तसंच होणार, दीडशे रुपयात सकाळ विकत घेशील.

घरातनं बाहेर पडता येत असलं तर अभ्यासिका बघ. स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी शहरात ढीगभर आहेत. आधी दोन गोष्टी विचार: लॅपटॉपला प्लग मिळतो का, आणि फोनवर बोलायला बाहेर जागा हाय का. माउसचा टकटक आवाज पण चालत नाय काही ठिकाणी, सायलेंट माउस ने. डेस्कटॉप असला तर हा मार्ग बंद, मग कॉलच.

आणि पार्टीलाच जोड कर की. सहाचा फोन यायची वाट का बघतोस? जॉब घेतानाच सांग: "उद्या एकला फक्त लेआउटची पीडीएफ पाठवतो, परवा एकला मापांसकट, तेरवा फायनल." डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांच्या २००२ च्या प्रयोगात, मजकूर तपासायचं काम करणाऱ्या लोकांपैकी ज्यांना मधल्या सारख्या अंतराच्या तारखा बाहेरनं दिल्या त्यांचं काम सगळ्यात चांगलं उतरलं. स्वतःच्या स्वतः तारखा ठरवणारे मधे, आणि शेवटची एकच तारीख असलेले सगळ्यात मागं. लेआउट दुपारी एकला गेला तर दुसरा फायदा: उलटा फ्लँज धरला असशील तर पार्टी तिथंच ओरडते. फायनलला ओरडण्यापेक्षा ते स्वस्त.

---

मीटरला_दहा

तारखेच्या प्रश्नावर कुणी बोललं नाही म्हणून.

तुम्ही पॅटर्नची ड्रॉइंग काढता, तुम्हाला श्रिंकेज शिकवायला नको. करड्या बिडाला मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर, स्टीलला वीसच्या आसपास. धातू आकसणार हे माहीत असतं म्हणून पॅटर्न मोठा करता. वेळेचा अंदाज मात्र आकसण न धरता देता, आणि रात्री एकला ती आकसण भरून काढता.

हे फक्त तुमचंच होतं असं नाही. काह्नमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये याला नियोजनाचा भ्रम म्हटलं. १९९४ मध्ये ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत पुरा कराल? सरासरी अंदाज ३३.९ दिवस आला, प्रत्यक्षात लागले ५५.५. लोक अंदाज करताना "सगळं सुरळीत झालं तर" हेच चित्र डोळ्यासमोर आणतात, मागचे दहा जॉब कसे गेले ते आठवत नाहीत.

म्हणून आठवायचं नाही, लिहायचं. वहीत चार रकाने: जॉब, घेताना सांगितलेला अंदाज (तासांत), प्रत्यक्ष तास, दोन्हींचं गुणोत्तर. पाच तास म्हणालात आणि आठ लागले तर १.६. असे दहा जॉब होऊ द्या. समजा गुणोत्तरं आली १.२, १.३, १.३, १.५, १.६, १.६, १.८, २.०, २.१, ३.०. सरासरी काढू नका, शेवटचा ३.० तिला वर ओढतो. चढत्या क्रमानं लावून मधलं घ्या: १.६. हा तुमचा अलाउन्स. पुढच्या जॉबला पाच तास वाटले तर आठ धरा.

दुसरी दुरुस्ती दिवसाची. दिवसात आठ तास रेघा ओढल्या जात नाहीत. फोन, शंका, प्रिंट, चहा, फाइल पाठवणं काढलं तर निव्वळ ड्रॉइंगचे चार, कसून साडेचार तास हाती लागतात. म्हणजे आठ तासांचा जॉब दोन दिवसांचा, आणि पार्टीला सांगायची तारीख तिसऱ्या दिवसाची. चार जॉब हातात असतील तर हे दोन दिवस आज सुरू होत नाहीत, रांगेतला नंबर आला की सुरू होतात. तारीख फोनवर लगेच सांगू नका. "वही बघून अर्ध्या तासात कळवतो" म्हणा. फोनवरच्या उत्साहात माणूस नेहमी एक दिवस कमी सांगतो.

रिव्हिजनचे तास वेगळ्या रकान्यात ठेवा. ते त्याच तासांत मिसळले तर गुणोत्तर फुगतं आणि चूक कुणाची तेही कळत नाही. पार्टीनं आकार बदलला तर त्याचे पैसे लागतात, तुमचं माप चुकलं तर लागत नाहीत. वहीत वेगळं दिसलं की बिलात वेगळं लिहिता येतं.

---

आठवी_गल्ली

दादा, घरातल्यांचं मी सांगते, कारण पुरुषांना हे फार उशिरा लक्षात येतं. घरात बसलेला माणूस रिकामाच, अशी घरातल्यांची समजूत असते, आणि त्यांचं चुकतही नाही. दहाला तुम्ही कॅटलॉग चाळताना दिसता, मग "जरा सिलिंडर उतरवून घे", "जरा बँकेत जाऊन ये" येणारच. आणि खरं सांगायचं तर काम टाळायला ते तुम्हालाही सोयीचं पडतं.

दिवसभर दार लावून बसू नका, कुणी मानणार नाही. दोन वेळा मागा: साडेनऊ ते अकरा आणि साडेअकरा ते एक. या वेळेत फक्त आग, आजार आणि पाणी. बाकी सगळं एकनंतर. त्या बदल्यात एक ते तीन मधली एक घरची जबाबदारी स्वतःहून अंगावर घ्या, दळण म्हणा, भाजी म्हणा, आईला दवाखान्यात नेणं म्हणा. घेतल्याशिवाय मागितलेली शांतता चार दिवस टिकते. घरच्या कपड्यांवर बसू नका, ते पाहुण्यांनाही कळतं. गणपती, नवरात्र, जोतिबाची चैत्र यात्रा या दिवसांत वेळापत्रक पाळण्याचा हट्ट नको, त्या आठवड्यांच्या तारखा पार्टीला आधीच लांबच्या द्या.

कामाचा नंबर वेगळा करा. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये आपोआप जाणारा मेसेज लावता येतो: "ड्रॉइंगवर आहे. १२:४५ आणि ५:३० ला उत्तर देतो. मशीन थांबलं असेल तर फोन करा." शेवटचं वाक्य ठेवाच. ते नसलं की पार्टी बिथरते, असलं की दहातले नऊ जण थांबतात.

लाइट गेली हे दुसरं हक्काचं निमित्त. यूपीएस बसवा. साध्या ६०० व्हीए यूपीएसवर डेस्कटॉप काही मिनिटंच चालतो, तेवढ्यात फाइल सेव्ह करून बंद करायचं, काम चालू ठेवायचं नाही. ऑटोकॅडमध्ये सेव्हटाइम कमांडनं आपोआप सेव्ह होण्याचा वेळ बदलतो, मुळात तो १० मिनिटं असतो, ५ करा. आणि एक फोल्डर "बिनविजेची कामं" म्हणून ठेवा: तपासायच्या प्रिंट, लाल पेन, बिलबुक. लाइट गेली की ते उघडायचं. पावसाळ्यात या फोल्डरचे पैसे वसूल होतात.

बिलांचं शेवटी सांगतेय, पण तेच आधी करा. बिल न पाठवणं ही सगळ्यात महागडी चालढकल. बिलाचा नमुना आज एकदा बनवून ठेवा, त्यात फक्त नंबर, जॉब आणि रक्कम बदलायची. फायनल पीडीएफ आणि बिल एकाच मेलनं जाईल, बिल जोडल्याशिवाय पाठवायचं बटण दाबायचं नाही. उद्यम नोंदणी करून घ्या, ती ऑनलाइन आणि मोफत आहे. एमएसएमई विकास कायदा २००६ प्रमाणे नोंदलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. पण ज्याचं बिलच गेलेलं नाही तो कुठल्या तोंडानं मागणार?

---

बावडा_ड्राफ्टिंग

सगळ्यांचे आभार. आजच आलेल्या स्केचवर लाल पेन फिरवलं, सात गोल निघाले. शंका पाठवल्यात.

एक विचारायचं राहिलं. काम रात्रीच होतं तर सरळ रात्रीच का करू नये? आणि एखाद्या दिवशी सगळंच बोंबललं की दुसरा दिवसही तसाच जातो, त्याला काय करायचं?

---

शेवटचा_व्ह्यू

रात्री काम होतं त्यात रात्रीची करामत किती आणि "सकाळी पार्टी दारात उभी राहील" या भीतीची किती, ते आधी बघा. परीक्षा सोपी आहे. ज्या जॉबची तारीख पाच दिवस लांब आहे तो रात्री अकराला उघडून बघा. हात चालला तर तुम्ही खरंच रात्रीचे पक्षी आहात, मग वेळच रात्री आठ ते बारा ठरवा आणि सकाळी उशिरा उठा. नाही चालला तर काम भीती करत होती. ती दुपारी एकच्या पीडीएफनं सकाळीही आणता येते.

पण रात्री काम केलंत तरी तपासणी रात्री नको. स्वतः काढलेलं ड्रॉइंग थकल्या डोळ्यांना बरोबरच दिसतं, दोनदा पडलेलं माप तिथंच निसटतं. प्रिंट काढून ठेवा, सकाळी तपासा: एकूण लांबीची बेरीज जुळते का, प्रत्येक भोकाला जागेची दोन मापं आहेत का, टायटल ब्लॉकमधला रिव्हिजन नंबर बदलला का. आणि रात्रीची कॉफी जपून. कॅफीन निम्मं उतरायलाच पाच-एक तास लागतात, दहाची कॉफी तीनपर्यंत अर्धी अंगात असते.

---

लालपेन

बोंबललेल्या दिवसाबद्दल. वोल, पिचिल आणि बेनेट यांनी २०१० मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर पाहिलं: पहिल्या परीक्षेआधी चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली. स्वतःला शिव्या घालून सुधारणा होते ही आपली घरोघरची समजूत, पण शिव्यांनी ते काम आणखी नकोसं होतं आणि टाळायला आणखी एक कारण मिळतं. तेव्हा दिवस गेला तर संध्याकाळी "भरून काढतो" म्हणून दुप्पट यादी करू नका. चिठ्ठी तीच, ओळी त्याच, फक्त पहिली कमांड आणखी लहान.

एक गोष्ट वेगळी धरा. दोन आठवड्यांहून जास्त रोजच मन उदास राहत असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, तर टायमर-चिठ्ठ्यांनी ते जाणार नाही, डॉक्टरांना भेटा. लक्ष न टिकणं लहानपणापासून, शाळेतही असंच असेल तर एडीएचडीची तपासणी मानसोपचारतज्ज्ञाकडून करून घेता येते, मोठ्यांचीही होते. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

---

बावडा_ड्राफ्टिंग

तसं काही नाही, झोप-भूक व्यवस्थित आहे. जास्तच व्यवस्थित.

चिठ्ठी लिहून कीबोर्डवर ठेवलीय: "पंप कव्हर, टॉप व्ह्यू, बोल्टाच्या भोकांचं वर्तुळ (पीसीडी)." उद्या साडेनऊला कॉलवर जोड म्हणून कुणी आहे का?

---

आठवी_गल्ली

मी आहे. जीएसटीची रिटर्न भरायची आहेत, अकरापर्यंत तीन पार्ट्यांची.

---

तालमीतला

झालं मग. दादा, कॅमेरा कीबोर्डाकडं फिरवून ठेव, तोंडाकडं नको. तोंड दिसलं की बोलावं वाटतंय.